थॉमसिन नक्की कुठली?

माझा भाऊ सिम क्रोझर यानं सरहद्दीपलीकडची बायको केली होती. आम्ही स्कॉटलंडचे, लिड्सडेलच्या खोऱ्यातले. थॉमसिन डोंगरापलीकडची, इंग्लंडमधल्या ब्यूकॅसलची. परवानगीशिवाय असं लग्न म्हणजे दोन्ही राज्यांत राजद्रोह, आणि त्याची शिक्षा फाशी. म्हणून सिमनं खोऱ्यात सांगितलं की बायको उत्तरेकडची आहे. तिची बोली वेगळी वाटायची, ती त्यावर खपून गेली. खरं काय ते नवरा-बायकोला आणि मलाच ठाऊक.

त्यांची मुलगी मेग लग्नाच्या वयाची झाली, त्या वसंतात इंग्लंडची म्हातारी राणी वारली आणि आमचा राजा त्यांचाही राजा झाला. आमचा मुकुट तर त्याच्या डोक्यावर पाळण्यापासूनचा. दुसरा मिळाल्यावर तो लंडनला गेला आणि तिथून हुकूम यायला लागले. सरहद्द आता सरहद्द नाही, देशाचा मधला भाग आहे. घरांची लोखंडी दारं काढून त्यांचे नांगराचे फाळ करा. दरोडेखोर आले तर त्यांना फाळ दाखवायचा का, असं शेजारच्या हॉबनं विचारलं.

सिम मात्र खूश होता. सरहद्दच नाही तर गुन्हा कसला? मेंढ्या कातरायला सगळे जमले होते, तिथं त्यानं सगळ्यांदेखत बायकोचं खरं गाव सांगून टाकलं.

हॉबच्या हातातली कात्री थांबली. "ब्यूकॅसलची? म्हणजे माझी गुरं नेली ते तुझे भाऊ?"

"असतील," थॉमसिन म्हणाली. "तुम्ही त्यांची नेलीत, तेव्हा मी काही बोलले का?"

लोक हसले, हॉब हसला नाही. तो तडक राजाच्या अधिकाऱ्यांकडे गेला आणि चार दिवसांत त्या दोघांना बोलावणं आलं. मीही सोबत गेले.

तिथं एक अधिकारी स्कॉटिश होता, एक इंग्रज. स्कॉटिश म्हणाला, बाई जन्मानं इंग्लंडची, तिचा निवाडा तुम्ही करा. इंग्रज म्हणाला, लग्नानं ती तुमची झाली. मग दोघांच्याही लक्षात आलं की राजा एकच आहे, तर द्रोह नक्की कोणाशी झाला? जेवणाची वेळ टळून गेली तरी वाद मिटेना.

शेवटी स्कॉटिश अधिकाऱ्यानं वाट काढली. "असं करा. तेव्हा लग्न झालंच नव्हतं म्हणा. लग्न नाही, तर गुन्हाही नाही. आता चर्चमध्ये रीतसर लावून घ्या."

सिम मान डोलवणार होता.

"मग मेग कोणाची?" थॉमसिननं विचारलं. "तिला मागणी आलीय. त्या लोकांना मी काय सांगू?" मग तीच म्हणाली, "लग्न झालं होतं, साहेब. फाशी द्यायची तर द्या. पण कुठल्या देशाची म्हणून देताय, तेवढं सांगा."

दोघा अधिकाऱ्यांनी समोरचे कागद आवरले. मग म्हणाले, घरी जा, निरोप पाठवू.

निरोप आलाच नाही. घोड्याच्या टापा वाजल्या की सिम हातातलं काम टाकून उभा राहायचा. मेगची मागणी मोडली. पुढं तिनं कोणाला न विचारता एका मेंढपाळाशी लग्न केलं. राजाच्या हुकमानं दोन्हीकडच्या जुन्या चोरांना फाशी देण्याचा सपाटा सुरू झाला, त्यात थॉमसिनचा धाकटा भाऊही गेला. ते कळलं तेव्हा हॉब आमच्याकडे आला, टोपी काढून तिच्यासमोर बसला आणि अंधार पडल्यावर घरी गेला.

काही वर्षांनी एका फेरीवाल्यानं बातमी आणली की सरहद्दीचे ते जुने कायदे रद्द झाले. सिमनं त्याला विचारलं, म्हणजे आम्हाला माफ केलं, की आमचा गुन्हाच नव्हता? फेरीवाला म्हणाला, ते मला कसं ठाऊक असणार?

मी थॉमसिनला म्हटलं, "सुटलीस बाई एकदाची."

ती चुलीपाशी ओटच्या भाकऱ्या उलटत होती. "सुटले खरी," ती म्हणाली. "पण माझ्या भावाला लटकवलं त्याच राजानं मला सोडलं. त्याला दुवा द्यावा की शाप, काही कळत नाही."