वळाईचं तोंड

"आधी दार लावा," अर्जुनराव म्हणाले, "आन कुणी फोटो काढायचा न्हाई."

फोटो काढणार कोण? गाभाऱ्यात होते ते स्वतः देवस्थानाचे कारभारी अर्जुनराव, पुजारी रामकिसन आणि बायडाबाई. ग्रॅनाइट बसवायला आणलेला मिस्त्री केव्हाच डोंगर उतरून गेला होता, तोही पायात चपला न घालता. त्याने भिंतीला ड्रिल लावलं, भिंत थरथरली आणि देवीच्या अंगावरून धप्पकन काहीतरी खाली आलं. मशीन तिथेच टाकून गडी जो पळाला, त्याने मजुरीचंसुद्धा नाव काढलं नाही.

खाली पडला होता तो देवीचा शेंदूर. पिढ्यान्‌पिढ्या तेलात कालवून माखलेला, दगडासारखा झालेला आख्खा थर, चांदीच्या डोळ्यांसकट. फरशीवर आपटून त्याचे तुकडे झाले होते. मागे उभी होती ती काळ्या दगडाची देवी, जिला हयात माणसांपैकी कुणीच पाहिलं नव्हतं. अर्जुनराव दाराकडे पाहत होते, रामकिसन आपल्या पायांकडे. देवीकडे पाहण्याची छाती एकट्या बायडाबाईने केली, कारण शेंदूर माखायचा मान तिच्या घराचा होता आणि तिला पाहावंच लागणार होतं.

तिने पाहिलं. देवीचं तोंड सरळ होतं.

हे ऐकून परक्या माणसाला काही वाटणार नाही. देवीचं तोंड सरळ असतंच की. पण ही वळाई. मान वळवलेली म्हणूनच तिचं नाव वळाई. डोंगराच्या उगवतीला जांभूळटेक आणि मावळतीला बाभुळटाका. फार पूर्वी देवी म्हातारीच्या रूपात जांभूळटेकला आली, रात्रीपुरता आसरा मागू लागली, तर त्या लोकांनी तिच्या अंगावर कुत्री सोडली. ती रागाने डोंगर चढली. तिथे बाभुळटाक्याच्या एका मेंढपाळाने तिला आपलं घोंगडं अंथरून दिलं. देवी घोंगड्यावर बसली ती बसलीच, आणि तिने जांभूळटेककडून जी मान फिरवली ती कायमची. तो मेंढपाळ बायडाबाईच्या सासरचा मूळपुरुष. म्हणून शेंदराचा मान त्या घराला, आणि म्हणूनच बाभुळटाक्याची लेक जांभूळटेकला द्यायची नाही, तिकडची आणायची नाही. गावात पक्ष बदलले, आमदार बदलले, मेंढरं जाऊन ट्रॅक्टर आले, पण हे काही बदललं नाही.

आणि बायडाबाईला तर ह्या मानेचा केवढा अभिमान. तिची एकुलती लेक सत्यशीला गेवराईला शिवणकाम शिकायला गेली आणि जांभूळटेकच्या तानाजीवर जीव लावून बसली. पोरगा निर्व्यसनी होता, स्वतःचा टेम्पो होता. त्याच्या घरची माणसं रीतसर मागणी घालायला आली, तर बायडाबाईने त्यांना उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. पुढे पोरांनी कोर्टात लग्न केलं. बायडाबाई चारचौघांत म्हणाली, "देवीनं तोंड फिरवलं, मी बी फिरवलं."

नुसती म्हणून थांबली असती तरी एक वेळ चाललं असतं. एकदा चकलांब्याच्या बाजारात सत्यशीला समोर आली. कडेवर तान्ही लेक. "आई," म्हणाली. बायडाबाईने मान फिरवली आणि कांद्याचा भाव विचारू लागली. गावाने काय कौतुक केलं तिचं. बायडाबाई म्हणजे दुसरी वळाईच, असं म्हणणाऱ्यांत हे अर्जुनराव पहिले. ती त्या दिवशी पोटभर जेवली होती. आज तिला ते जेवण आठवलं.

"सरळ हाय," ती म्हणाली.

"काय सरळ हाय?" अर्जुनरावांनी विचारलं. त्यांनी अजून वर पाहिलं नव्हतं.

"तोंड. आईचं तोंड सरळ हाय."

मग दोघांनीही पाहिलं. रामकिसनने आधी हात जोडले. मग बोलला ते पुजाऱ्याला शोभेल असंच. "देवीनंच आत्ता मान फिरवून घेतली आसल. चमत्कार झाला म्हणून सांगू."

"लई शाना हायस," अर्जुनराव म्हणाले. "चमत्कार सांगितला की उद्या सकाळी जांभूळटेक वाजतगाजत वर येतंय. देवी आमच्याकडं बी बघती म्हणतील, पालखीला खांदा मागतील. देणार हायस का तू?"

बायडाबाईचं ह्या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. तिने फरशीवरचा मोठा तुकडा उचलून मांडीवर घेतला होता. देवीच्या तोंडावरचाच तो. उगवतीकडचा गाल बोटभर जाड, मावळतीकडचा वीतभर. तुटलेल्या कडेला शेंदराचे पापुद्रे दिसत होते, एकावर एक, मोजता येणार नाहीत इतके. वरचे सगळे तिच्या हातचे.

ती नेहमी मावळतीकडे बसायची. सगळ्याच बसायच्या. लग्न होऊन आली तेव्हा एकदा चुकून उगवतीच्या अंगाला बसली, तर सासूने, छबुबाईने, हाताला धरून उठवलं होतं. "आई जिकडं बघती तिकडनं लावावं गं. पाठीमागनं कुणी कुंकू लावतं का?" म्हणून मग मावळतीकडून माखायचं. हात ह्या गालावर भरभरून फिरायचा, त्या गालावर कसाबसा पोचायचा. हा गाल पुढे यायचा. मग चांदीचे डोळे सारखे करताना तेही जरासे इकडेच. एका जत्रेआधी तिने स्वतः ते बोटभर सरकवले होते. आई आता आपल्याकडे जास्तच बघायला लागली, म्हणून त्या वर्षी बाभुळटाक्याने नारळांचा नुसता खच पाडला.

देवी जांभूळटेकवर रुसली नव्हती. शेंदूर माखणाऱ्या बायकांनीच तिची मान धरून फिरवली होती. बायडाबाईला रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. कुणीतरी डोक्यात काठी घालावी तशी ती बधिर होऊन बसली.

"मावशी," अर्जुनराव तिच्याजवळ उकिडवे बसले. आवाज मऊ केला. "झालं ते झालं. ह्ये आपल्या तिघांत ऱ्हाईल. पुनवेला जत्रा हाय. तुमी शेंदूर कालवा आन जसं व्हतं तसं करा. दुसऱ्या कुणाला जमणार न्हाई, तुमचाच हात बसलेला हाय."

"व्हय. बसलेलाच हाय," बायडाबाई म्हणाली. मग तुकड्यावरून नजर न काढता म्हणाली, "ह्याच्यापायी मी लेक टाकली, अर्जुनराव."

अर्जुनराव गडबडले. "तवा कुणाला काय ठावं व्हतं, मावशी? आख्खं गाव तसंच मानत व्हतं."

"गावाची न्हवती ती. माझी व्हती."

तिने तुकडा खाली ठेवला, भिंतीला धरून उठली आणि दाराची कडी काढली. रामकिसनने घाबरून विचारलं, "मामी, शेंदूर?"

"तुमचं तुमी बघा," ती म्हणाली.

पायऱ्या मावळतीला होत्या. बायडाबाई उगवतीला वळली. तिकडे वाट कसली, शेरडं उतरतात तेवढी मुरमाड घसरण. एवढ्या वर्षांत ह्या अंगाने ती एक पाऊल उतरली नव्हती. दोनदा घसरली, कोपर खरचटलं, ते तिला कळलंही नाही. डोक्यात एकच घोळत होतं, लेकीला सांगायचं. सांगितलं की सगळं मिटेल असंच तिला वाटत होतं. दोष शेंदराचा निघाला होता ना.

जांभूळटेकमध्ये तानाजी टेम्पोवाल्याचं घर एका म्हातारीने दाखवलं. अंगणात बाजेवर धोतर अंथरून सत्यशीला कुरडया घालत होती. सोऱ्या हातात, कपाळाला घाम. केसांत पांढरे दिसायला लागले होते. तिने वर पाहिलं आणि सोऱ्या तसाच हवेत राहिला.

"कशापायी आलीस?" ती म्हणाली.

आवाजात राग नव्हता. 'आलीस' म्हणाली, तेवढ्यानेच बायडाबाईचा ऊर भरून आला. तिने भराभरा सांगून टाकलं. "आईचं तोंड सरळ हाय गं. आज शेंदूर गळून पडला, म्या ह्या डोळ्यांनी बघितलं. ती तुमच्याकडं पाठ करून बसलेलीच न्हाई. आमीच येका अंगानं माखून माखून तिला वाकडी केली. सत्या, समदं खोटं व्हतं."

सत्यशीलाने ऐकून घेतलं. मग खाली वाकून अर्धी राहिलेली कुरडई गोल फिरवून पुरी केली.

"आन वाकडं आसतं तर?" तिने विचारलं.

बायडाबाईला आधी प्रश्नच कळला नाही. कळला, तेव्हा सकाळी गाभाऱ्यात बसला तो धक्का काहीच नव्हता असं तिला झालं. तोंड वाकडं असतं तर ती आज कुठे असती? पुनवेच्या जत्रेसाठी शेंदूर कालवत बसली असती. उद्याही, परवाही. उत्तर तिला ठाऊक होतं, त्याचीच तिला भीती वाटली. पण आज आणखी काही माखायची तिची तयारी नव्हती.

"न्हाई आले आसते," ती म्हणाली.

सत्यशीलाने मान हलवली, एवढंच.

आतून एक मुलगी बाहेर आली. दहाबारा वर्षांची, कपाळ थेट सत्यशीलाचं. आजोळ म्हणून काही असतं हे तिला कुणी सांगितलं असेल की नाही, कोण जाणे. ती दाराच्या चौकटीला धरून पाहत राहिली.

"आई, कोण गं ह्या?"

सत्यशीलाने सोऱ्यात पीठ भरलं, दाबून बसवलं आणि मग लेकीकडे पाहिलं. "डोंगरावरच्या बाई हायत, धनश्री," ती म्हणाली. "देवीला शेंदूर लावत्यात त्या."

बायडाबाईने ते ऐकलं. मघाशी 'आलीस' म्हणणारी लेक आता तिला अहोजाहो करत होती. पण तिने सांगितलं त्यात खोटं काहीच नव्हतं. तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि धनश्रीकडे पाहून मान डोलावली.

"व्हय बाळा," ती म्हणाली. "तीच मी."