नापास तबकड्या

आमची आई बेसूर होती यावर घरात कधीच दुमत नव्हतं. भांडण होतं ते ती नेमकं काय गुणगुणायची यावर.

तिची एकच चाल होती. शब्द नाहीत, नुसती चाल. भांडी घासताना, बटणं लावताना, ताप आलेल्या कपाळावर हात ठेवून बसल्यावर, सगळीकडे तीच. आई गेल्यापासून दादा आणि मी भेटलो की एकदा तरी जुंपायचीच. तो गुणगुणून दाखवायचा, मी म्हणायचे, "ही नाहीच मुळी." मी दाखवली की तो कानांवर हात ठेवायचा.

दादा शाळेत संगीत शिकवतो. सूर कणभर घसरला की त्याचं तोंड दात दुखल्यासारखं होतं. दुखऱ्या दातांची तोंडं मला बरोबर ओळखता येतात, कारण मी कवळ्या बनवते. दादा मला हाकही 'कवळी' अशीच मारतो.

"आईचा सूर हलायचा, मान्य," तो म्हणायचा. "पण तू त्याच्यावर आणखी झोके घेतेस, कवळी. चाल सरळ होती."

"सरळ तू केलीस! आई अशीच गायची."

वरवर हे हसण्यावारी चाललेलं, पण मी आतून घाबरले होते. आईचा आवाज कुठे साठवलेला नव्हता. फोनमध्ये 'पोचलीस का? जेवलीस का?' एवढेच निरोप. आणि परवा सकाळी दात घासताना मी ती चाल गुणगुणायला गेले, तर दुसरी ओळ आलीच नाही. बराच वेळ आली नाही. मग आली, पण ती आईची की माझ्या मनची, ते कळेना. दादाशी भांडता भांडता मी माझीच आठवण झिजवत होते. आता खरी चाल सापडली नाही तर ती कायमची गेली, हे मला तिथेच, बेसिनपाशी कळलं.

सापडण्याची एकच जागा होती. आईला कधी विचारलं की ती म्हणायची, "अगं, आहे की आपल्याकडे. पलंगाखाली, खोक्यात."

पलंगाखाली आईच्या रेकॉर्ड होत्या. आई तरुणपणी रेकॉर्डच्या कारखान्यात तपासणी खात्यात होती. साच्यातून निघालेली तबकडी दिव्याखाली धरायची, लावून ऐकायची, आणि खोट निघाली तर बाजूला काढायची. बाजूला काढलेल्या तबकड्या वितळवायला जायच्या, त्यातल्या काही कामगारांना घरी न्यायला मिळायच्या. आई म्हणायची, "पास झालेल्या गिऱ्हाइकाला, नापास झालेल्या मला." आमच्याकडचा सगळा साठा असा नापासांचा. कुणावर बुडबुडा, कुणी पावसात भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी वाकडी, आणि बऱ्याचशांवर भलतंच लेबल. वरचं वाचून आतलं कळेल तर शपथ! कव्हरं तर एकीलाही नव्हती.

घरातला रेकॉर्ड प्लेअर दादा रांगत होता तेव्हाच मोडला होता. "घेऊ, घेऊ" म्हणत आईने दुसरा कधी घेतला नाही. म्हणजे आम्ही दोघं या खोक्यांवर चढून, त्यांच्यामागे लपून मोठे झालो, पण आत काय आहे ते एकदाही ऐकलं नव्हतं.

आणि आता घरमालकाला किल्ली द्यायची वेळ आली होती. बाकीचं सामान गेलं होतं. चहाची शेगडी-भांडी सोडली तर एक कपाट आणि ही खोकी तेवढी उरलेली, ती न्यायला जुनं सामान घेणारा दुपारनंतर येणार होता. दादानेच ठरवलेलं. मी आमच्या दंतवैद्यांच्या हातापाया पडून त्यांचा प्लेअर मागून आणला आणि सकाळीच रिकाम्या खोलीत, फरशीवर मांडला.

"एवढ्या सगळ्या ऐकणार?" दादा म्हणाला.

"सगळ्या. आणि पैज. रेकॉर्ड निघाली आणि तू बरोबर निघालास, तर मी जन्मात पुन्हा ती चाल तोंडातून काढणार नाही. मी बरोबर निघाले, तर तू."

"हात दाखवून अवलक्षण करून घेणार बघ तू," असं म्हणत त्याने बाह्या मागे सारल्या.

पहिली रेकॉर्ड लावली. लेबलावर भक्तिगीतं. आतून एक जण घसा खाकरून म्हणाला, "कोंबड्यांचे आजार, भाग दुसरा." आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि फरशीवर आडवे होऊन हसलो. त्या रिकाम्या खोलीत हसू केवढं मोठं झालं! आई गेल्यानंतर त्या घरात पहिल्यांदाच कुणी हसत होतं.

मग आम्हाला चेवच चढला. पुढची काढायची, लेबल वाचायचं, आत काय असेल ते ओरडून सांगायचं आणि सुई ठेवायची. 'नृत्यसंगीत' म्हणून लावली तर आगगाडीच्या इंजिनांचे आवाज. 'प्रेमगीतं' लावली तर कवायतीचा बँड, तो ऐकून दादा खोलीभर पाय आपटत फिरला. 'महान वक्ते' मधून एक बाई अशा काही गायल्या की ती रेकॉर्ड आम्ही शेवटपर्यंत ऐकली. एकीत एकच ओळ अडकली होती, पुढे जायलाच तयार नाही. "ही कोणासारखी?" मी विचारलं. "आत्यासारखी," दादा म्हणाला, आणि पुन्हा आम्ही आडवे. दर वेळी सुई टेकली की आधी ती खरखर यायची आणि मला वाटायचं: हीच असेल, हीच.

पण ती नसायची. भिंतीशी ऐकलेल्यांची चळत वाढत चालली, खोकी रिकामी होत चालली, आणि माझ्या हसण्यातली हवा हळूहळू जायला लागली. दादा आता भराभर उरकत होता. वाकडी, फुटकी, घरघरणारी असली की दोन सेकंदांत सुई उचलायची आणि "बाद!" म्हणून बाजूला टाकायची.

तेवढ्यात सामानवाला आलाच. आधी कपाट बघितलं, त्याचा पाय हलवून नाक मुरडलं, मग खोक्यांकडे वळला. आम्ही खरं ते सांगून टाकलं. "लेबल एक आणि माल एक? ताई, असला माल मी कुणाच्या गळ्यात मारू?"

"बसा हो, चहा घ्या," मी म्हणाले. "तोवर आमचं होतंय."

तो एका खोक्यावर बसला. दोन रेकॉर्ड होईपर्यंत तोही खेळात उतरला होता. "स्वयंपाकाच्या कृती!" तो ओरडला आणि आतून तबला वाजला तेव्हा त्याने स्वतःच्याच कपाळावर हात मारला. मी चहा टाकायला आत गेले. उरलेलं खोकं अर्ध्यावर आलं होतं. पातेल्यातल्या पाण्याकडे बघत मी स्वतःची समजूत घालत होते की नाही मिळाली तर नाही, सगळ्यांचंच सगळं कुठे मिळतं.

आणि बाहेरच्या खोलीत आई गुणगुणली.

खोटं नाही सांगत. मला 'चाल वाजली' असं वाटलंच नाही, आई वाटली. ती वर जाते, तिथे जरा झुकते, खाली घसरते, पुन्हा सावरून वर येते. माझ्या तोंडून "आई!" निघालं आणि हातातला कप सुटला. तोवर आवाज बंद. मी धावत बाहेर आले तर दादाच्या हातात सुई आणि तोंडावर दातदुखी.

"बाद," तो म्हणाला. "भयंकर हलतोय सूर. भोक मध्यावर पडलेलं नाही हिचं."

"परत लाव."

"अगं, पण..."

"लाव म्हणते ना!"

त्याने लावली. लेबलावर होतं 'मुलांसाठी पाढे'. आत एकटं व्हायोलिन होतं. तबकडी फिरताना एका अंगाला झुकत होती, सुईचा दांडा तिच्याबरोबर डावीउजवीकडे डोलत होता, आणि प्रत्येक फेऱ्याला सूर खाली जाऊन वर येत होता. मी डोळे मिटून बरोबर गुणगुणायला लागले. दुसरी ओळ आली. माझीही आली, अगदी तीच, त्याच झोक्यासकट! मी उड्या मारल्या. सामानवाल्याच्या खांद्यावर थाप मारली. "जिंकले! दादा, मी जिंकले! काखेत कळसा आणि गावाला वळसा! ऐक, अशीच गायची की नाही?"

दादा ऐकत होता. गाणं संपलं तरी तो दांड्याकडेच बघत होता. मग म्हणाला, "तुझ्याकडे कानस आहे का?"

"का?"

"भोक थोडं मोठं करू. मग तबकडी सरकवून मध्यावर आणता येईल. खरी चाल ऐकू तरी."

माझं डोकंच सणकलं. "जिवंत होती तोवर तिला सुधारलंस, आता मागाहूनही सुधारायचंय का तुला?"

हे लागलं त्याला. तो हळूच म्हणाला, "तसं नाही गं. मला फक्त कळू दे. नको असेल तर परत सरकव, पूर्वीसारखीच वाजेल."

ते मलाही पटलं. शिवाय खोटं कशाला बोलू, मलाही ऐकायचं होतंच. माझ्या पिशवीत कवळ्या घासायची बारीक गोल कानस कायम असते. भोकाची एक कड मी श्वास रोखून घासली. दादाने तबकडी चकतीवर ठेवली, फिरवली, दांड्याकडे बघत नखाने किंचित ढकलली, पुन्हा फिरवली. असं करत करत दांडा डोलायचा थांबला.

व्हायोलिन सरळ वाजायला लागलं. स्वच्छ, एका रेषेत. आणि ही दादाची चाल होती. सूर न् सूर दादाची. तोही बरोबर होता! आईच्या हलत्या गुणगुणण्यातून त्याच्या कानाने लहानपणीच आतलं गाणं शोधून काढलं होतं, आणि तो आयुष्यभर तेच गात आला होता.

"आता कसं झकास!" सामानवाला म्हणाला. "मघाची खराब होती."

आम्ही दोघांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो चहा होतोय का ते बघायला आत गेला.

मी दादाला म्हणाले, "म्हणजे तूही जिंकलास."

दादाने मान हलवली. त्याचे डोळे भरले होते. माझ्या भावाला मी आईच्या अंत्यविधीलाही रडताना पाहिलं नव्हतं. "ती सुरात होती गं," तो म्हणाला. "तिच्याकडे जे होतं त्याच्याशी ती कणभरसुद्धा चुकली नाही. झोक्यासकट पाठ. इतकी वर्षं, समोर काही वाजत नसताना! माझ्या वर्गातल्या एकाही पोराला हे जमणार नाही. आणि मी, संगीताच्या क्लासला जायला लागलो आणि पहिल्याच महिन्यात घरी येऊन म्हटलं, आई, तुला येत नाही, तू गाऊ नकोस."

"मग?"

"मग मी घरात असताना ती गायलीच नाही."

मला हे ठाऊक नव्हतं. माझ्या लेखी आई सतत गुणगुणायची, कारण मी घरात असायचे आणि तो क्लासला. माझ्याकडे जी आई होती ती त्याच्याकडे नव्हतीच. एवढी वर्षं मी त्याला खोटं ठरवत होते, आणि त्याच्याकडे होती ती फक्त क्लासच्या आधीची तुटपुंजी आठवण. जिंकल्याचा माझा आनंद कुठल्या कुठे पळाला. त्याचा मला फार कळवळा आला.

त्याने तबकडी थांबवली. अंगठ्याने ती मध्यावरून ढळेपर्यंत सरकवली, फिरवून बघितलं. दांडा डोलायला लागला. मग सुई ठेवून माझ्याकडे वळला.

"शिकव मला."

"काय?"

"तिची. झोक्यासकट. तुला येते."

दादाने, ज्याने आजवर मला साधी टाळीही तालात वाजवू दिली नव्हती, माझ्यासमोर फरशीवर मांडी घातली. मी गायले. तो माझ्यामागून गायला. छान गायला, म्हणूनच चुकला.

"सरळ गातोयस."

"बरं."

"परत सरळ! खाली जा ना. अरे, जा की, आणखी. घाबरतोस काय?"

"तिथे सूर नाहीये, कवळी."

"आईचा आहे. जा."

सामानवाला हातात चहा घेऊन दारात उभा राहिला होता. दादाने डोळे मिटले. वर गेला, जरा झुकला, आणि मग माझ्या भावाने जन्मात पहिल्यांदा सूर सोडला. खाली घसरला, सावरला, पुन्हा वर आला. त्याच्या जाड आवाजात, कसलीही शंका न ठेवता, आमची आई होती. त्यालाही ती ऐकू आली असावी, कारण त्याने दचकून डोळे उघडले आणि तोंड मिटायला लागला.

"थांबू नकोस," मी म्हणाले. "दादा, गात राहा."