गवसणीतली राजकन्या

आश्विन शुद्ध नवमीची सकाळ. वारणेच्या खोऱ्यावर ऊन उतरत होतं ते हळदीच्या पावलांनी. भाताच्या लोंब्या पिवळ्या, बांधावरचा झेंडू केशरी, दूरच्या कड्यांची रेघ निळी. ओढ्याचं पाणी इतकं नितळ, की तळाचा गोटा न् गोटा दिसावा. सारी सृष्टी कशी रेखीव, तेजस्विनी, नुकतीच न्हाऊन उभी राहिलेली. फक्त बापूसाहेब रणनवऱ्यांना ती दिसत नव्हती.

त्यांना दिसत होतं धुकं. ताकाच्या रंगाचं, पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत न हटणारं धुकं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आले होते, आणि ही गोष्ट साऱ्या केतकवाडीपासून आपण शिताफीनं लपवली आहे असा बापूसाहेबांचा समज होता. उंबऱ्याची ठेच लागली की ते सुताराला शिव्या देत. अंगणात शिरलेल्या म्हशीला एकदा त्यांनी अदबीनं "या, बसा" म्हटलं होतं. घरचे हसले, तेव्हा मुक्या जनावरांशीही माणसानं रीतीनं वागावं, असं त्यांनी सगळ्यांना सुनावलं.

आणि तरीही त्या धुक्यात एक मूर्ती त्यांना स्वच्छ दिसे. डोळे मिटले की अधिकच स्वच्छ.

ती मॅनलिकर. ऑस्ट्रिया देशातल्या स्टायर गावची, वडिलांच्या तरुणपणी बोटीतून आलेली विलायती रायफल. कृशांगी, श्यामलकांती, नळीच्या थेट टोकापर्यंत अक्रोडाचं लाकूड नेसलेली. इतर रायफलींचं लाकूड निम्म्या वाटेत संपतं, हिचं संपत नाही. बोल्टची, म्हणजे गोळी भरायच्या खिट्टीची, मूठ उलथन्यासारखी चपटी, आणि तो बोल्ट मागे ओढावा तर तुपातून बोट फिरावं तसा सरकणारा. दस्त्याखालच्या पोलादी पत्र्यावर एक सांबर कोरलेलं, मान वळवून मागे पाहणारं. शिकारबंदी झाल्यापासून तिनं गोळी कशी ती पाहिली नव्हती. ती फक्त पुसली जात होती, पुजली जात होती, वाखाणली जात होती.

तिची एक सवत होती म्हणा ना. बापूसाहेबांचे साडू अमृतराव जगदाळे शेजारच्या गावात राहत, आणि त्यांच्या घरी माउझर नांदे. जर्मनीची, ओबर्नडॉर्फची लेक. रुंद खांद्यांची, दणकट, अर्ध्याच लाकडाची, बोल्टला गोटीसारखी गोल मूठ असलेली. बापूसाहेब तिला हमाल म्हणत. अमृतराव मॅनलिकरला नटवी म्हणत. या दोन शब्दांवरून दोन घरांतला गोडवा दर दसऱ्याला आटे आणि दिवाळीच्या फराळाला पुन्हा पाझरे. बायका सख्ख्या बहिणी म्हणून, नाहीतर कधीच तुटलं असतं.

गेल्या थंडीत तालुक्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी बापूसाहेबांच्या पत्नीला, चंद्रप्रभाबाईंना, बाजूला घेऊन सांगितलं होतं, "डावा डोळा थांबायचा नाही. उशीर केलात तर गेलेली नजर परत आणता येणार नाही." त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. सकाळी त्यांनी नवऱ्याला विनवलं, रागावल्या, रडल्यासुद्धा.

पण बापूसाहेब! तरुणपणी जखमी रानडुकरामागे कारवीच्या दाट रानात एकटे शिरलेले बापूसाहेब, डोळ्याजवळ सुरी येणार या कल्पनेनं पांढरेफटक पडले. भीती झाकायला माणूस आवाज चढवतो, तसा त्यांनी चढवला. "ज्या दिवशी माझी मॅनलिकर मला ओळखू येणार नाही," ते गरजले, "त्या दिवशी खुशाल सुरी लावा!"

चंद्रप्रभाबाईंनी डोळे पुसले. शब्द मात्र पदराच्या गाठीला बांधून ठेवला.

मग निवडणुका आल्या. रिवाजाप्रमाणे परवान्याच्या साऱ्या बंदुका ठाण्यावर जमा झाल्या, आणि निकाल लागल्यावर त्या परत मिळाल्या. दोन्ही साडू एकाच जीपनं ठाण्यावर गेले. परतताना ते पुढे ड्रायव्हरशेजारी बसून ऑस्ट्रिया आणि जर्मनी यांच्यावरून भांडत होते. मागच्या बाकावर दोघी बहिणी बसल्या होत्या, आणि त्यांच्या मांडीवर दोन रायफली, दोन गोधडीच्या जाड गवसण्यांत. गवसण्या बहिणींनीच शिवलेल्या, एकाच जुन्या लुगड्याच्या. बापूसाहेबांच्या गवसणीला लाल काठ, अमृतरावांच्या गवसणीला हिरवा. जीप खड्ड्यांतून नाचत होती, आणि मागच्या बाकावर कसलीशी कुजबुज, कसलीशी खुसखूस चालली होती. पुढे बसलेल्यांना ऑस्ट्रियापुढे ती ऐकू आली नाही.

"यंदा पुसापुशी मीच करते, पूजेपर्यंत उघडू नका," असं चंद्रप्रभाबाई म्हणाल्या, तेव्हा बापूसाहेबांना मनातून हायसं वाटलं. रोज संध्याकाळी ते कपाटापुढे बसत, लाल काठाच्या मऊ गवसणीवरून हात फिरवत आणि आतल्या राजकन्येशी मनातल्या मनात बोलत. गवसणीतली व्यक्ती गप्प राही. परक्या घरात तिनं बोलावं तरी काय!

तर ती ही खंडेनवमी. सारवलेल्या अंगणात सतरंज्या पसरल्या. पंचक्रोशीतली जुनी शिकारी घराणी आपापली हत्यारं घेऊन जमली. पाटांवर तलवारी, भाले, कट्यारी, रायफली. चंदनाचा टिळा, झेंडूची माळ, उदबत्तीचा निळा धूर. आणि पूजेनंतर तो सोहळा, ज्यासाठी लोक चालत येत. बापूसाहेब डोळे मिटून बसत, लोक एकेक विलायती हत्यार त्यांच्या हाती देत, आणि ते नुसत्या स्पर्शानं त्याची ओळख सांगत. आधी कुळ, मग गाव, मग गुण. सुरुवात मात्र नेहमी घरच्या मॅनलिकरनं.

बापूसाहेबांनी डोळे मिटले. यंदा मिटले काय आणि उघडे काय, सारखंच होतं.

चंद्रप्रभाबाईंनी लाल काठाची गवसणी सोडली आणि रायफल त्यांच्या मांडीवरच्या शालीवर ठेवली. बापूसाहेबांचा हात अजून तिला लागलाही नव्हता. जी मूर्ती मनात कोरलेली, तिला चाचपायचं कशाला? त्यांची वाणी पुरासारखी सुटली.

"कुळ मॅनलिकर! गाव स्टायर! आणि गुण? पाहा मंडळी, नखशिखान्त लाकूड ल्यालेली ही तन्वंगी! आहे का दुसऱ्या कुणाचं लाकूड टोकापर्यंत?"

मंडळी पाहत होती. मांडीवरच्या रायफलीचं लाकूड निम्म्यावर संपलं होतं, पुढे उघडी काळी नळी उन्हात तळपत होती. कुणीतरी खोकलं. कुणीतरी शेजाऱ्याला कोपर मारलं.

"वा!" अमृतराव जगदाळे मात्र मोठ्यानं म्हणाले. "नटवी आहे, पण वर्णन फक्कड!" त्यांच्या मांडीवर त्यांची स्वतःची रायफल होती, आणि तिला ते मघापासून मायेनं थोपटत होते.

"मूठ दाखवा की," चंद्रप्रभाबाई हळूच म्हणाल्या.

"ही बघा! उलथन्यासारखी चपटी..."

हात ऐटीत खाली आला, आणि थबकला.

गोल. गुळगुळीत, थंड, गोटीसारखी गोल.

बापूसाहेबांच्या कपाळावर घाम फुटला. बोटं नकळत पुढे गेली. दणकट बोल्ट त्यांनी उचलला, मागे घेतला. काय ती पकड! काय तो भरदार, निःशंक, प्रामाणिक खटका! इतकी वर्षं हिला हमाल म्हणताना त्यांनी हिला एकदाही हातात घेतलं नव्हतं. साडूवरच्या रागापायी एका कुलवंतेचा आपण किती अपमान केला, हे त्यांना भर अंगणात, भर भीतीत कळलं, आणि त्यांना मनापासून लाज वाटली.

पण लाज कबूल करण्याआधी माणूस पळवाट शोधतो. "जगदाळे!" ते ओरडले. "तुमची माउझर माझ्या मांडीवर कशी? माझी मॅनलिकर कुठं पळवलीत?"

"शुद्धीवर आहात ना?" अमृतराव उसळले. "माझी माउझर ही काय, माझ्या मांडीवर! सकाळपासून..." आणि त्यांनीही मुठीला हात घातला.

चपटी. उलथन्यासारखी.

मग जे हसू फुटलं ते ओढ्यापलीकडच्या गुराख्यांनी ऐकलं. म्हातारे हसले, पोरं हसली, झेंडूच्या माळांतून पाकळ्या गळाल्या. दोन साडू दोन धुक्यांत एकमेकांच्या दिशेनं तोंडं करून बसले होते. आपलं बिंग फुटलं याच्या दुःखापेक्षा समोरच्याचंही फुटलं याचं समाधान दोघांच्याही चेहऱ्यांवर अधिक होतं.

"जीपमध्ये गवसण्या आम्हीच बदलल्या," अमृतरावांची बायको, धाकटी बहीण रत्नप्रभा म्हणाली. "म्हटलं, बघू तरी, कोण आधी ओळखतंय."

चंद्रप्रभाबाई हसल्या नाहीत. त्या नवऱ्याजवळ आल्या, वाकल्या, आणि फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं म्हणाल्या, "शब्द दिला होता तुम्ही. मला भीती वाटते हो. अजून उशीर नका करू."

बापूसाहेबांनी चाचपडत त्यांचा हात धरला. रानडुकराच्या मागे जाताना जे धैर्य लागलं त्याहून जास्त गोळा करून ते म्हणाले, "लावा सुरी." आणि मग, सवयीनं, "आधी जगदाळ्यांना."

कार्तिक आला. सकाळचं गार, सोनसळी, कोवळं ऊन ओसरीवर आलं. दोन्ही डोळे झाले होते, डावासुद्धा वाचला होता. काळा चष्मा उतरवायची आज परवानगी होती. चंद्रप्रभाबाईंनी आधीच मॅनलिकर आणून समोरच्या पाटावर ठेवली होती, लाल काठाच्या गवसणीतून काढून, पुसून, उजळून.

बापूसाहेबांनी चष्मा काढला. धुकं नव्हतं. पोलादावरचं सांबर मान वळवून पाहत होतं, त्याच्या शिंगांचं टोक न् टोक वेगळं. त्यांनी मान वर केली, बायकोला हे दाखवायला. आणि मग ते सांबराला विसरले.

समोर एक म्हातारी बाई उभी होती. केस कापसासारखे पांढरे. डोळ्यांभोवती सुरकुत्यांचं नाजूक नक्षीकाम, कुण्या कुशल हातानं सावकाश कोरलेलं. डाव्या तर्जनीच्या टोकावर सुयांच्या टोचांचे बारीक डाग.

"हे केस," ते पुटपुटले, "कधी पांढरे झाले?"

"तुम्ही बंदुकीला तेल लावत होता, तेव्हा."

ते कितीतरी वेळ पाहत राहिले. मग ताठ बसले, घसा साफ केला आणि खंडेनवमीच्या त्या खणखणीत आवाजात सुरू झाले, "कुळ शितोळ्यांचं. गाव निंबळक. आणि गुण..."

आवाज तिथंच फुटला. डोळे भरून आले.

"अहो, रडू नका, डॉक्टरांनी सांगितलंय!" त्या धावल्या. "आणि गुण काय ते तर राहिलंच."

"बसा," बापूसाहेब म्हणाले. "सांगायला दिवस लागेल."

त्या बसल्या. ऊन ओसरीवर चढत गेलं, पांढऱ्या केसांवर थांबलं, थांबून राहिलं. पाटावर राजकन्या पडली होती, तन्वंगी, श्यामलकांती, नखशिखान्त सजलेली. तिच्याकडे कुणी पाहत नव्हतं.