नैवेद्याआधीची गोळी

मित्रांनो, गोड गोष्ट हवी असेल तर दुसरीकडे जा. मी तमिळ मुलखात, वेस्ट मांबलममधल्या एका मराठी घरातला बिस्किटांचा जुना, गंजका डबा आहे आणि माझा राग अजून उतरलेला नाही.

बिस्किटं होती तोवर मुलं माझ्यावर जीव टाकत. मग दत्तोपंतांनी मला औषधांना जुंपलं. हे घरच्या अन्नपूर्णाबाईंचे धाकटे दीर, गिंडीच्या कारखान्यात कारकून. तिथल्या औषधपेटीतल्या दुखण्या-सुजेवरच्या गोळ्या ते खिसे भरभरून आणत आणि मोठ्या ऐटीत वाटत.

"गुडघा धरला काय, वैनी? एक मात्रै घाला. डॉक्टर कशाला?"

त्या मात्रैने, म्हणजे गोळीने, बाईंचा गुडघा खरंच हलका व्हायचा, तेवढं कबूल करतो. पण देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय बाई अन्नाला शिवत नसत. कॉफी आणि गोळी मात्र त्या घरात अन्नात धरत नसत! रोज सकाळी रिकाम्या पोटी, कडक कॉफीबरोबर गोळी.

"आई, आधी दोन इडल्या तरी खा," सून जयवंती विनवायची. उलट तिलाच सोवळं शिकवलं जायचं.

मग बाईंच्या पोटात आग पडू लागली. शौचाला डांबरासारखं काळं होऊ लागलं. पोटातलं रक्तच ते! बाईंनी सांगितलं ते डॉक्टरला नाही, दिराला.

"उष्ण झालं, वैनी. ताक प्या," असं म्हणून त्या शहाण्याने माझ्यात आणखी पाकिटं कोंबली. मला दात असते तर मी त्याची बोटं चावली असती.

एका सकाळी बाईंनी देवासमोरच रक्ताची उलटी केली.

"कुणाला न विचारता रोज ही गोळी?" इस्पितळातला डॉक्टर जयवंतीवर कडाडला. "जठरात जखम झालीय. जेवून घेतली असती तरी ह्या वयात धोका होताच!"

रक्त चढवलं, पण बाई घरी परतल्या नाहीत.

तेराव्याला पाहुण्यांसमोर दत्तोपंतांनी मला उघडून एकाच्या हातावर गोळी ठेवली.

"मात्रै चांगलीच आहे," ते म्हणाले. "वैनींचं आयुष्यच तेवढं होतं."

जयवंतीने मला हिसकावलं आणि सगळ्या गोळ्या मोरीत ओतल्या. माझ्या उभ्या आयुष्यात मला तेवढंच बरं वाटलं.

मित्रांनो, असा माणूस तुमच्याही घरी येईल. गोळी कुठल्या डॉक्टरने दिली, ते त्याला तोंडावर विचारा. उत्तर आलं नाही, तर तो सख्खा काका असला तरी गोळी घेऊ नका.