मागच्या रुंद चाकांनी माझी अब्रू राखली

मित्रांनो, रस्त्यात मी दिसले तर माझे बॉनेट उघडून इंजिन शोधू नका. पेट्रोल पंपावर पुष्कळ जण तसे करतात आणि आत नुसती मोकळी जागा पाहून कपाळाला हात लावतात. माझे इंजिन पाठीमागे आहे. मी दोन दारांची, दोनच माणसांची, लाल रंगाची स्पोर्ट्स कार आहे. वय विचारू नका. माझ्यासोबत कारखान्यातून निघालेल्या बहुतेक बहिणी भंगारात गेल्या, एवढे सांगते.

माझा पहिला मालक नाटकातला नट होता. तो मला थिएटरच्या दारात उभी करायचा आणि लोक त्याच्याआधी माझ्याभोवती जमायचे. पुढे त्याची नाटके बंद पडली आणि मी एका रंगाच्या दुकानामागच्या गोदामात जाऊन पडले. माझ्या सीटवर एका मांजरीची तीन बाळंतपणे झाली. तेव्हा मला तेवढीच सोबत होती.

तिथून मला बाहेर काढले ते एका शिंप्याने. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. कोट शिवण्यात त्यांचा हातखंडा. त्यांची बायको घाटात बस चालवते; प्रवासी तिला बाई म्हणतात. मास्तरांना एकच हौस होती. सुट्टीच्या दिवशी बाईंना शेजारी बसवून घाट चढायचा.

पहिल्याच फेरीत माझ्या हातून घोळ झाला. रस्ता नुकताच भिजलेला होता. वळणावर मास्तर बिचकले आणि त्यांनी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलला. माझी पाठ जड, आणि चारही चाके सारखीच अरुंद. शेपूट सुटली, मी गर्रकन फिरले आणि आलो त्या दिशेला तोंड करून उभी राहिले. कुणाला खरचटलेही नाही. बाई शांतपणे उतरल्या.

"अहो, भरलेली बस घेऊन मी रोज हे वळण घेते," त्या म्हणाल्या. "तुमच्या या खेळण्यात मी पुन्हा बसायची नाही."

मागून त्यांच्याच डेपोची बस आली. त्या तिच्यात चढल्या आणि निघून गेल्या. मित्रांनो, लाल रंगामुळे माझी लाज कुणाला दिसली नाही, इतकेच.

मास्तर मला सरळ त्यांच्या मेकॅनिक मित्राकडे घेऊन गेले. कुठलाही गंजलेला बोल्ट नुसत्या दटावणीने सुटतो असे तो सांगे, म्हणून त्याचे नाव जादूगार पडले होते. त्याने निदान केले की ओझे मागे आहे तर मागची चाके रुंद हवीत, पुढची त्याहून अरुंद चालतील. मास्तर इतके खूश झाले की दुकानात होती त्यातली सगळ्यांत रुंद चाके मागे लावायला घेऊन आले.

जॅकवर होते तोवर मी राजकन्या दिसत होते. खाली उतरवले, दोघे आत बसले आणि पहिल्याच गतिरोधकावर टायर मडगार्डला घासून असा खरखरला की माझ्या अंगावर काटा आला. जादूगाराने कापायचे यंत्र हातात घेतले. मडगार्डची आतली कड उडवली की झाले, असे त्याचे म्हणणे. मी श्वास रोखला.

मास्तरांनी माझ्या मडगार्डवर हात ठेवला. "थांब. चाक दुसरं मिळेल. हिचं अंग दुसरं कुठून आणू?"

मग त्यांनी गळ्यातली टेप काढली. सीटवर कापडाचे तागे रचून मला दोन माणसांच्या वजनाने खाली बसवले. टायर बाहेर किती येतो, आत कुठे लागतो, सगळे खडूने माझ्या अंगावर लिहिले. मला गुदगुल्या झाल्या. काखेत दाटतोय, पण फार सैल केला तर अंगावर लोंबेल, असे ते पुटपुटत होते. जादूगार पोट धरून हसला, पण यंत्र त्याने ठेवून दिले. शेवटी थोडी कमी रुंद आणि जरा आत बसणारी चाके मिळाली. घासणे थांबले.

आता बाईंना कोण समजावणार? मास्तरांनी दोनदा विचारले, दोनदा नकार मिळाला. तिसऱ्यांदा ते स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि त्यांनी किल्ली पुढे केली.

"तू बसू नकोस," ते म्हणाले. "तू चालव."

बाईंनी हात पुसले.

रस्ता त्या दिवशीही ओला होता. मास्तर शेजारी दाराचे हँडल धरून बसले होते. वळण आले. बाईंनी वेग आधीच कमी केला आणि मला अलगद वळवले. माझी पाठ जागची हलली नाही. पण नाक मात्र हट्टी पोरासारखे सरळच जाऊ लागले. बाईंनी सावरले आणि सरळ गॅरेज गाठले. मागचं घट्ट धरतंय, पण तोंड वळत नाही, पुढची चाकंही थोडी रुंद हवीत, त्यांनी जादूगाराला सांगितले. त्याने ती बदलली. तरी मागच्यांपेक्षा अरुंदच ठेवली.

पुन्हा तेच वळण. या वेळी नाक आणि शेपूट एकाच विचाराने वळली. बाई थांबल्या नाहीत. वरपर्यंत गेल्या, इंजिन बंद केले आणि स्टिअरिंगवर बोटे वाजवत म्हणाल्या, "आता ही माझं ऐकते." मास्तरांनी तेव्हा कुठे हँडल सोडले.

मित्रांनो, माझी पुढची आणि मागची चाके आता एकमेकांच्या जागी बसत नाहीत. म्हणून दोन्हींची हवा वेगवेगळी तपासावी लागते, झीज वेगवेगळी पाहावी लागते. बाई ते न चुकता करतात. तुमच्याकडे सायकल असेल, ढकलगाडी असेल, तिलाही कधी वाकून बघा. तिच्यावर काही नवीन चढवायचे असेल तर आधी माप घ्या, आणि कापायची घाई करू नका. आम्हांला बोलता येत नाही. आम्ही फक्त खरखरतो.

बरे, आता मला निघायला हवे. आज सुट्टी आहे, बाई स्टिअरिंगवर बसल्या आहेत, आणि मास्तर एक बूट पायात, एक हातात घेऊन धावत येत आहेत.