पान पाचवरचा अनोळखी इसम

"काका, हे 'इसम' तुम्हीच खोडता ना नेहमी? इथे ठेवू की 'व्यक्ती' करू?"

पानं लावणाऱ्या ऑपरेटरबाईंनी पडद्यावरून मान न वळवता विचारलं. सकाळचे साडेदहा वाजले होते. सायंदैनिकाची पानं एक वाजता छापायला जात, म्हणजे अजून अडीच तास होते. वेलांटीकाकांनी चष्मा वर सारला आणि पान पाचचा कच्चा कागद पुढ्यात ओढला. एकतीस वर्षं ते या टेबलाशी बसून दुसऱ्यांच्या चुका काढत होते. ऱ्हस्व-दीर्घावरून कुणाशीही भांडायची त्यांची तयारी असे, म्हणून हे नाव पडलं होतं. बाकी कशावरून भांडल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

बातमी सहा ओळींची होती. काल संध्याकाळी बाह्यवळण रस्त्यावर मालमोटारीच्या धडकेने अनोळखी इसमाचा मृत्यू. वय अंदाजे पन्नास, अंगात निळा एप्रन, पाय अनवाणी, उजव्या अंगठ्याचं वरचं पेर नाही.

काकांनी ती दोनदा वाचली. मग लाल पेन खाली ठेवलं.

"काका?"

"व्यक्ती कर," ते म्हणाले.

तो अंगठा त्यांच्या ओळखीचा होता. त्यांच्याच गल्लीच्या टोकाला मानसिक आजारातून सावरणाऱ्यांसाठी एक केंद्र होतं. तिथे राहणारी माणसं पुस्तकबांधणीचं काम करत आणि या दैनिकाच्या जुन्या अंकांचे खंडही तिथेच बांधून होत. दर तीन महिन्यांनी तिथला एक बाइंडर खंड पोहोचवायला यायचा. निळा एप्रन अंगावर तसाच असायचा. अंगठ्याचं पेर कागद कापायच्या यंत्रात गेलं होतं. मोजून चार वाक्यं बोलायचा. गेल्या खेपेला खंड टेबलावर ठेवून म्हणाला होता, "काका, बांधताना वाचतो मी सगळं. या तीन महिन्यांत आमच्यावर अकरा बातम्या आल्या. पण आमच्यातल्या कुणाशी कुणी बोललं नाही."

काका तेव्हा म्हणाले होते, "मी फक्त शुद्धलेखन बघतो हो."

त्या अकराच्या अकरा बातम्या शहर बचाव समितीच्या होत्या. समितीचं पत्रक आलं की जसंच्या तसं पान एकवर जाई. त्यात फोटो आणि पदाधिकाऱ्यांची उतरंड असे, शेवटी 'यांच्यासह असंख्य नागरिक' असत. केंद्र वस्तीतून हलवा, एवढीच मागणी. केंद्राच्या व्यवस्थापकबाईंनीही खुलाशाची दोन पत्रं पाठवली होती. ती ट्रेमध्ये पडून होती, वर 'जागेअभावी' असा शेरा. समितीकडे सभासद किती आणि गावाच्या वतीने बोलायला तिला कुणी सांगितलं, हे एका वार्ताहराने गेल्या वर्षी विचारलं होतं. पुढचे तीन दिवस शहरातल्या एकाही विक्रेत्याने अंक उचलला नाही. वार्ताहराच्या घरी फोन गेला, त्याची मुलगी कोणत्या वर्गात आहे हे सांगणारा. फक्त तेवढंच सांगितलं आणि फोन ठेवला. वार्ताहर आता दुसऱ्या गावी विमा विकतो.

आजच्या पान एकवर बारावी बातमी होती. 'शहर बचाव समितीचा भव्य व शांततापूर्ण मोर्चा'.

तो मोर्चा काकांनी पाहिला होता. घराच्या खिडकीतून, पडद्याआडून. फाटकाची कडी उखडताना पाहिली, आत कुंड्या फुटताना ऐकल्या. आणि मागच्या दारातून निळा एप्रन घातलेला माणूस अनवाणी धावत सुटलेला पाहिला, बाह्यवळणाच्या दिशेने. बायको मागून म्हणाली होती, "पडदा सोडा आधी." त्यांनी सोडला होता.

काका उठून संपादकांच्या खोलीत गेले.

"साहेब, पान पाचवरचा माणूस अनोळखी नाही. केंद्रातला बाइंडर आहे."

संपादक फोनमध्ये काहीतरी वाचत होते. त्यांनी तो पालथा ठेवला. "पोलीस काय म्हणतात?"

"अनोळखी."

"मग झालं. ओळख पटली की उद्या देऊ."

"मी ओळखतो ना. आणि तो मोर्चातून पळाला होता, साहेब. मी स्वतः पाहिलं."

संपादक वाईट माणूस नव्हते. त्यांनी उठून दार लावून घेतलं. "काका, तुम्ही राहता त्याच गल्लीत. मी नाही राहत. उद्या तुमच्या दारात चारजण उभे राहिले तर मी काय करणार आहे, सांगा. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत तुमची. झाकली मूठ असू द्या."

काका परत आले तेव्हा त्यांच्या खुर्चीत समितीचे सचिव बसले होते. पान छापायला जाण्याआधी ते येऊन नजर टाकत. कुणी तशी परवानगी दिली नव्हती आणि कुणी हटकलंही नव्हतं. अंगाने किरकोळ, बोलायला मऊ. कधी आवाज चढवत नसत.

"या काका, तुमचीच खुर्ची आहे," सचिव म्हणाले, पण उठले नाहीत. "फोटो छान आलाय. तिसऱ्या ओळीत 'उपाध्यक्ष'ला काहीतरी झालंय बघा."

काकांनी उभ्यानेच पाहिलं. "पला काना राहिलाय."

"म्हणून म्हणतो, तुमच्यासारखी माणसं पाहिजेत." सचिवांनी पान हळूच त्यांच्याकडे सरकवलं. "काल दिसला नाहीत? केंद्र हलवायच्या अर्जावर सही तर केलीत. खिडकीचा पडदा मात्र हलत होता तुमच्या. मी वहिनींना हातसुद्धा केला. त्यांनी पाहिलं नसेल."

काकांनी वाकून तो काना घातला. "सर्दी झाली होती," ते म्हणाले.

"जपा. हवा बदलतेय." सचिव उठले, जाताना त्यांच्या खांद्यावर हात ठेवून गेले. पान पाचकडे त्यांनी पाहिलंही नाही. तिथे त्यांचं काही नसे.

पाऊण वाजला. काका पान पाचवर वाकून बसले होते. वाटलं, खाली उकार, वर मात्रा, एवढं बघावं आणि उठावं. ओळी अगदी शुद्ध होत्या. त्यांत शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

त्यांनी पेन उचललं. 'अनोळखी व्यक्ती' खोडलं आणि वर बाइंडरचं नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट. खंडांच्या पावतीवर तो दर वेळी तसंच लिहायचा. मग समासात आणखी दोन वाक्यं लिहिली: 'ते पुनर्वसन केंद्रात बारा वर्षांपासून राहत होते. काल मोर्चातील काहीजण फाटक तोडून आत शिरल्यावर ते मागील दाराने धावत बाहेर पडल्याचे एका शेजाऱ्याने पाहिले.'

कागद ऑपरेटरबाईंपुढे ठेवला. त्यांनी वाचला. संपादकांच्या बंद दाराकडे पाहिलं, मग काकांकडे.

"तीन ओळी वाढतायत," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "हवामान कापू?"

"काप. आणि हे बघ, पानावर सही माझी आहे. कुणी विचारलं तर तू वाचलं नाहीस. काकांनी दिलं ते टाकलं."

"मी कधी वाचते का काका," बाई म्हणाल्या आणि त्यांची बोटं चालू लागली.

अंक साडेतीनला बाहेर पडला. काका तोवर घरी पोहोचले होते. रस्त्याने येताना मागून येणाऱ्या प्रत्येक दुचाकीला त्यांनी थांबून वाट दिली होती. बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी चिरत होती, सुरी हातात धरून तशीच बसून राहिली.

"नाव घातलंत? तुमचं?"

"त्याचं. माझं नाही. 'एका शेजाऱ्याने' लिहिलंय."

"गल्लीत शेजारी किती आहेत हो? आणि खिडकी त्या बाजूला कुणाची आहे?" तिने सुरी खाली ठेवली. "एकतीस वर्षं काही बोलला नाहीत. आजच कंठ फुटला?"

तिचं खोटं नव्हतं.

सव्वाचारला फोन वाजला. संपादक होते. "उद्यापासून येऊ नका," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, घाईच होती. "पान एकवर खुलासा द्यावा लागतोय. ते सगळे इथे बसलेत. घर बंद करून कुठे जाता येईल का बघा." मागे कुणीतरी बोलत होतं, मऊ आवाजात. फोन बंद झाला.

पाचच्या सुमारास दार वाजलं. बायकोने काकांचं मनगट धरलं. दोघं स्वयंपाकघरात उभे, श्वासही जपून. दार पुन्हा वाजलं, पण हळू, बोटाच्या पेराने वाजवल्यासारखं.

"मी केंद्रातली," बाहेरून आवाज आला. "एकटीच आहे."

व्यवस्थापकबाई होत्या. अंगावर कालचेच कपडे असावेत. त्या आत आल्या नाहीत. हातात अंक होता, पान पाच बाहेर काढून घडी घातलेला.

"रात्रभर शोधत होतो आम्ही त्याला," त्या म्हणाल्या. "चौकीवर गेले तर म्हणाले, उद्या या. नाव बघून कळलं मला. आत्ता, दुकानाबाहेर उभं राहून." त्या जरा थांबल्या. "ते शेजारी तुम्हीच ना?"

काकांनी मान हलवली.

"चौकीवर चला माझ्याबरोबर. पाहिलंय असं सांगणारं कुणी नसेल तर तो नुसता रस्त्यावरचा अपघात राहील. नाही म्हणालात तरी मी समजू शकते. कुणी येत नाहीये."

"बाई," काका म्हणाले, "केंद्राविरुद्धच्या अर्जावर माझी पण सही आहे. सत्तेचाळिसावी."

"माहितीय. आमच्याकडे प्रत आहे. त्याने वाचली होती." बाईंनी अंकाची घडी आणखी लहान केली. "म्हणाला, काका घाबरले असतील."

काकांनी चपला घातल्या. बायकोने अडवलं नाही.

आधी रुग्णालयात जावं लागलं. चादर कमरेपर्यंत खाली केली तेव्हा काकांनी फक्त हाताकडे पाहिलं. कर्मचाऱ्याने विचारलं, "हेच का?" काका म्हणाले, "हेच."

चौकीत हवालदाराने जबाब लिहून घ्यायला तासभर लावला. मधूनमधून तो थांबायचा आणि त्यांच्याकडे पाहायचा, अजून वेळ आहे अशा नजरेने.

"मोर्चात तुम्ही होतात?"

"नाही. घरात होतो. पडद्यामागे."

"फाटक कुणी तोडलं? नावं सांगता येतील?"

बाहेरच्या बाकावर दोन माणसं केव्हाची येऊन बसली होती. त्यांतला एक आजच्या फोटोत दुसऱ्या रांगेत होता.

"दोघांची येतील," काका म्हणाले, आणि सांगितली. तिसऱ्याचं मात्र त्यांनी सांगितलं नाही. तो दूधवाल्याचा भाऊ होता, समोरच राहायचा. तेवढं त्यांच्याच्याने झालं नाही, आणि हे पुढे कितीतरी दिवस त्यांना खात राहिलं.

"मयताशी नातं काय तुमचं?"

"शेजारी लिहा."

बाहेर पडले तेव्हा बाकावरची माणसं उठली नाहीत. त्यांतल्या एकाने फोन वर करून काकांचा फोटो घेतला, इतकंच. व्यवस्थापकबाईंनी कोपऱ्यापर्यंत सोबत केली. मग त्या केंद्राकडे वळल्या. आत अजून अठराजण होते आणि फाटकाला कडी नव्हती.

घराशी आले तेव्हा अंधारून येत होतं. दारात स्टूल ठेवून त्यावर बायको उभी होती. हातात पेचकस. दारावरची नावाची पाटी ती काढत होती. वरचे दोन स्क्रू काढून तिने पदराच्या गाठीत बांधले होते. पाटी खालच्या दोन स्क्रूंवर पुढे कलली होती.

"सगळ्यांना घर माहितीय आपलं," काका म्हणाले.

"मला माहितीय ते." ती पुन्हा जोर लावू लागली. "पण हे खालचे दोन निघतच नाहीत. गंजलेत."

"उतर. पडशील."

गल्लीच्या तोंडाशी दुचाकी वळल्याचा आवाज आला. दिव्याचा झोत भिंतीवरून सरकत आला, पाटीवर थांबल्यासारखा झाला. दोघं जागच्या जागी उभे राहिले, ती स्टुलावर, ते तिच्या स्टुलाला धरून. दुचाकी हळू झाली. मग पुढे गेली.

बायकोने कललेली पाटी परत दाराला टेकवून पाहिली. मग तिने पदराची गाठ सोडली आणि वाकून दोन्ही स्क्रू त्यांच्या तळहातावर ठेवले.

"धरा," ती म्हणाली. "एकेक द्या मला वर."