ऊन लागून

‘‘थांब, थांब. डायवर मेला काय?’’ रूपरावजींनी विचारलं.

‘‘अजून नाई, काकाजी,’’ छाया म्हणाली. ‘‘दोन पानं हाय त्याले.’’

‘‘मंग हळू वाच.’’

छाया हळू वाचू लागली. नाचणगावच्या वाचनालयात दुपारी तीन ते चार कोणी फिरकत नाही. ग्रंथपाल नरहर सर वर्तमानपत्र पसरून त्याच्याआड झोपतात आणि झोपेतही पान उलटतात, हे शपथेवर सांगायला माझी तयारी आहे. छाया तिथली शिपाई. सतरा वर्षं झाडू मारणं, पाणी भरणं, पुस्तकं जागच्या जागी लावणं. गेल्या दिवाळीपासून हे एक काम वाढलं, एक्याऐंशी वर्षांच्या रूपरावजींना वाचून दाखवायचं. काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे नेले. नात मयुरी स्कूटीवर आणून सोडते आणि तासाभरानं घेऊन जाते. तिनं आधी मोबाइलवर कथा लावून दिल्या होत्या. पण मोबाइलमधला माणूस ‘थांब’ म्हटलं तरी थांबत नाही, आणि रूपरावजींना जन्मभर थांब म्हटलं की थांबणारी माणसं लागत आली होती.

वाचायचं काय, हा प्रश्न नव्हताच. वाचनालयात पुस्तकं नऊ हजार, पण वाचली जातात ती सातच. रणनवरे घराण्याचे सात भाग. अण्णासाहेब रणनवरे समुद्रावरून सोनं आणतात, आडवा आलेल्याला खाडीत पाठवतात, पण गुरुवारी मीठ खात नाहीत आणि आईच्या पाया पडल्याशिवाय उंबरा ओलांडत नाहीत. चौथ्या भागात ते गेले, तेव्हा गावात तीन घरी चूल पेटली नाही. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी दाढी करणं सोडलं. तेराव्या दिवशी वाचनालयात पोहे झाले. पाचव्या भागात अण्णासाहेब जिवंत निघाले, तेव्हा खाल्लेल्या पोह्यांचं आता काय करायचं, यावर कार्यकारिणीची दोन तास सभा चालली. सात भागांत अण्णासाहेबांनी तीसेक माणसं मारली असतील. त्यातल्या एकाचंही नाव नाचणगावात कोणाला सांगता येणार नाही.

रूपरावजींना हे घराणं आवडावं यात नवल नव्हतं. वर्धा जिल्ह्यात पन्नास वर्षांपासून दारूबंदी आहे. म्हणजे इथे कोणी दारू पीत नाही, माणसं संध्याकाळी नुसती आडवी होतात. नदीवरचा पूल ओलांडला की पलीकडचा जिल्हा, तिथे दुकानं उघडी. या दोन काठांमध्ये रूपरावजींनी तीस वर्षं काढली. ट्रॅक्टरच्या टायरच्या ट्यूबांत माल भरायचा, वर कापूस रचायचा, आणि गाडी हाकायची. एक ट्यूब गळकी होती, तिच्या गाडीचे बैल घरी बरोबर यायचे, पण गाणं म्हणत यायचे असं जुने लोक सांगतात. पुढे धंदा सुटला, शेती वाढली, केस पिकले. आता वाचनालयातल्या थंड पाण्याच्या मशिनीवर त्यांचं नाव आहे आणि पोरं त्यांच्या पाया पडतात.

छायाचा नवरा अंकुश पुलगावला हमाली करायचा. एकोणीस वर्षांपूर्वी मे महिन्यात तो गेला. त्याच आठवड्यात गावातले आणखी दोघं गेले. तिघंही ऊन लागून. त्या वर्षी ऊन फार नेम धरून पडलं होतं, रूपरावजींच्या गिऱ्हाइकांखेरीज कोणालाच लागलं नाही.

मृत्यूचा कागद झाला तेव्हा मुलगी अंजू चार वर्षांची होती. सासरा म्हणाला, ‘‘दारूनं मेला असं लिहिलं तं उद्या या पोरीले कोन करन?’’ छायानं सही केली. मग विचारेल त्याला ती ऊनच सांगत गेली. अंजूलाही तेच सांगितलं. अंजू आता रोहण्याला नांदते आणि मे महिना लागला की नवऱ्याच्या खिशात न चुकता कांदा घालते. सासरा गेला, सासू गेली, उरलेल्या दोन घरची माणसं गाव सोडून गेली. खरं ठाऊक असलेली माणसं आता दोनच उरली होती. एक छाया आणि एक रूपरावजी, आणि रूपरावजी एक्याऐंशीचे होते.

म्हणून मयुरीनं ‘मावशी, आबाजीले वाचून दाखवान काय?’ असं विचारलं, तेव्हा छाया लगेच हो म्हणाली. तिला त्यांच्याकडून काही नको होतं. त्यांच्या तोंडून एक वाक्य हवं होतं, आणि ते वाक्य तिसऱ्या भागात छापलेलंच होतं.

तिसऱ्या भागात अण्णासाहेबांचा ड्रायव्हर धर्मा मरतो. पुढे धोका आहे हे ठाऊक असून अण्णासाहेबांनीच त्याला त्या रस्त्यानं पाठवलेलं असतं. मग ते एकटे धर्माच्या झोपडीपाशी येतात, फेटा काढतात आणि दारात मातीत बसतात. म्हणतात, ‘‘बाई, तुझा धनी माझ्यामुळे गेला.’’ धर्माची बायको त्यांना पाणी देते. वाचनालयातल्या प्रतीचं हे पान हळदीच्या बोटांनी पिवळं झालं आहे, आणि नरहर सरांनी ते दोनदा चिकटपट्टीनं जोडलं आहे. छायानं ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा तीही रडली होती, अण्णासाहेबांसाठी. धर्माची बायको तिच्या लक्षातच आली नाही. पुस्तकात तिला नावही नव्हतं.

रूपरावजी ऐकताना मध्ये मध्ये दुरुस्त्या करत.

‘‘असं नसते बाई. सोनं काय, कुठंबी लपवता येते. दारूले वास हाय. वास लपवून पाह्य म्हना तुह्या अन्नासाहेबाले.’’

‘‘तुम्ही कसा लपवे मंग?’’

‘‘शेन.’’ ते खूश होऊन म्हणाले. ‘‘ट्युबेवर शेन सारवाचं. शेनाच्या गाडीले कोन हात लावते?’’

आणि तरी अण्णासाहेबांवर कोणी पिस्तूल रोखलं की ते खुर्चीचे हात घट्ट धरत. त्या वेळी त्यांच्या गळ्याची शीर उडताना दिसे. छाया ती शीर बघायची आणि पुढचं वाक्य वाचायची. राग येतो का, हे तिनं स्वतःशी पुष्कळदा तपासून पाहिलं होतं. भरून ठेवलेल्या घड्यात हात घालावा आणि पाणी थंडही लागू नये, गरमही लागू नये, तसं काहीसं होतं ते.

त्या दिवशी धर्मा दोन पानांनी मेला. अण्णासाहेब झोपडीपाशी आले. फेटा काढला. मातीत बसले. छायानं ते वाक्य वाचलं, जितकं सावकाश वाचता येईल तितकं.

रूपरावजींच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी गळत होतं. दिसत नसलं तरी डोळ्यांना ते काम येत होतं.

‘‘मानूस असावा तं असा,’’ ते म्हणाले. ‘‘चूक झाली तं दारात जाऊन बसला. कोन करते आजकाल?’’

छायानं पानावर बोट ठेवलं. ‘‘काकाजी, तुमच्या धंद्यात असं कोनी गेलं काय?’’

‘‘काय?’’

‘‘तुमच्या मालानं.’’

त्यांनी खरोखर आठवून पाहिलं. निदान चेहरा तरी तसा केला. ‘‘नाई वो बाई. माह्या मालानं कोनी मेलं नाई. माहा माल चोख.’’

‘‘अंकुश?’’

‘‘कोन अंकुश?’’

‘‘माहा नवरा.’’

‘‘तो तं ऊन लागून गेला ना.’’ रूपरावजींनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, धर्मासाठी आलेलं पाणी. ‘‘मी सोता गेलतो त्याच्या मातीले. कागद हाय ना तुह्याजोळ? तुहीच सही हाय त्यावर. वाच, पुढं वाच. थे बाई पानी देते काय त्याले?’’

छायानं पान उलटलं. पुढच्या पानावर अण्णासाहेब पाणी पितात आणि तिसरा भाग संपतो. ते तिला पाठ होतं. तिनं त्या ओळींवर नजर ठेवली आणि वाचू लागली. आवाज तोच होता, पुस्तक वाचायचा.

‘‘‘धर्माच्या बायकोला तो दिवस आठवला. मे महिना होता. धर्मा सकाळी घरी आला आणि भिंतीला टेकून बसला. दोनदा ओकला. दुपारचे दोन वाजले होते, पत्रे तापून वाजत होते. धर्मा म्हणाला, दिवा लाव. बायको म्हणाली, अहो, दिवस आहे. तो म्हणाला, मग अंधार का आहे, दिवा लाव ना. तिनं दिवा लावला आणि त्याच्या तोंडापाशी धरला. त्याच्या पापण्या लवल्या नाहीत.’’’

‘‘पन धर्माले तं गोळी लागली होती?’’ रूपरावजी म्हणाले.

‘‘हे आधीचं सांगून राह्यला लेखक.’’

‘‘असं.’’

‘‘‘तो म्हणाला, पोरीला माझ्यापाशी आण. पोरगी आली. तो तिच्या तोंडावरून हात फिरवत राहिला, नाक कुठे, डोळे कुठे, तेवढं पाहत. संध्याकाळी दिवा लावायची वेळ झाली तेव्हा तो गेला होता.’’’

वर्तमानपत्राआड नरहर सरांनी झोपेत पान उलटलं.

‘‘अन्नासाहेबाले ठाऊक नसन,’’ रूपरावजी एकदम म्हणाले.

‘‘काय?’’

‘‘त्यानं मुद्दाम नसन केलं. नोकरानं डबा बदलला असन. इस्पिरीटचा डबा तसाच दिसते, निळा. अंधारात काय समजते? मागून कळलं असन त्याले. मंग काय करन तो? मेलेला मानूस वापस येते काय? त्याच्याबी घरी लेकरं होते.’’

छायानं मान वर केली. पुस्तकात दारू नव्हती. तिनंही दारूचं नाव घेतलं नव्हतं, आणि डबा कोणत्या रंगाचा होता हे तिला एकोणीस वर्षांत ठाऊक नव्हतं.

‘‘असं नाई लिहिलं, काकाजी, इथं.’’

‘‘मंग काय लिहिलं हाय?’’

‘‘लिहिलं हाय, सासऱ्यानं कागद पुढं केला. बायकोनं सही केली.’’

‘‘कायचा कागद?’’

‘‘ऊन लागून.’’

पाण्याची मशीन घरघरली आणि बंद झाली. रूपरावजींच्या गळ्यावरची शीर उडत होती. बाहेर स्कूटीचा हॉर्न वाजला, आणि मयुरी हसत आत आली.

‘‘चाला आबाजी. अगं बाई, आजबी रडवलं काय अन्नासाहेबानं?’’

‘‘माही चप्पल कुठी हाय?’’ रूपरावजी म्हणाले.

‘‘पायातच तं हाय.’’

छायानं पुस्तक कपाटात ठेवलं, खुर्च्या सरळ केल्या, घरी जाऊन भात टाकला. काहीतरी व्हायला हवं होतं असं तिला वाटत राहिलं, छातीत किंवा हातापायांत. भात झाला. तिनं तो खाल्ला. रोहण्याहून अंजूचा फोन आला. जावयाला बढती मिळाली म्हणाली, छाया बरं झालं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रूपरावजी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मयुरीनं आणून बसवलं. ‘‘जेवत नाई हो मावशी, मलेच खाऊन राह्यले,’’ म्हणाली. ‘‘वाचनालयात ने, वाचनालयात ने. घ्या सांभाळा.’’ आणि गेली.



‘‘चौथा भाग काढू काय?’’ छायानं विचारलं.

‘‘नको. त्या दिवशीचंच पान वाच.’’

‘‘कोनतं?’’

‘‘थेच. दिव्याचं.’’

छाया उभी राहिली. ‘‘थे पान पुस्तकात नाई, काकाजी.’’

‘‘मले ठाऊक हाय,’’ रूपरावजी म्हणाले. ‘‘वाच.’’

ती कपाटापर्यंत गेली, कुलुपाला हात लावला, आणि न उघडताच परत आली. त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली. रिकामे हात कुठे ठेवावेत हे तिला कळेना, तेव्हा तिनं ते मांडीवर ठेवले.

‘‘त्याचं नाव अंकुश होतं,’’ छाया म्हणाली.

रूपरावजी ऐकत राहिले. एकदाही ‘थांब’ म्हणाले नाहीत. ती सांगत होती, त्या सकाळपासूनचं सगळं, काही न गाळता. मध्येच नरहर सर जागे झाले, वर्तमानपत्र खाली करून त्यांनी चष्मा शोधला.

‘‘कोणता भाग चालू आहे हा?’’ ते म्हणाले. ‘‘आणि पुस्तक कुठाय, छाया? पाठ झालं की काय तुला?’’

‘‘हो सर,’’ छाया म्हणाली, आणि पुढे सांगू लागली.